पॅनलच बदलावं लागेल, सर!

'जुगाड' हा शब्द हल्ली माझ्या डोक्यात जातो. मॅनेजमेंटच्या पुस्तकांपासून हापिसातल्या टाउनहॉलपर्यंत सगळीकडे तो फिरून आलाय आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ एकच: रस्त्याकडेच्या टपरीत बसलेल्या माणसानं कमी पैशात केलेलं काम. तेच काम एसी वेटिंग लाउंज, फुकट कॉफी आणि गळ्यात आयकार्ड असलेल्या माणसानं केलं की त्याला 'सोल्यूशन' म्हणायचं. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. बिघाड कुठे आहे हे न शोधता आख्खी असेंब्ली उचलून नवीन बसवणं, ह्यालाच जुगाड म्हणायला पाहिजे. महागडा आणि पावतीसकट मिळणारा, पण जुगाडच.

हे आठवण्याचं कारण म्हणजे आमच्या मामांची पिकअप.

मामा ओतूरच्या जवळ राहतात. टोमॅटो, कांदा, सीझनप्रमाणे जे असेल ते भरायचं आणि रात्री माळशेज घाट उतरून, मुरबाड-कल्याणवरून पहाटेच्या आत वाशी मार्केट गाठायचं, हा त्यांचा गेली कित्येक वर्षांचा धंदा. स्वतःचा माल असतो, शेजारपाजाऱ्यांचाही असतो. आधीची गाडी विकून त्यांनी चार वर्षांपूर्वी एसीवाली पिकअप घेतली. (एसी म्हणजे चैन, असं मामी अजून म्हणतात.) गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ह्या गाडीच्या डॅशबोर्डवरचे तीन नॉब अंधारात गेले. पंख्याचा वेग, गरम-गार आणि हवा कुठे सोडायची ती दिशा, हे ते तीन नॉब. नॉब फिरत होते, हवा येत होती, फक्त आतले दिवे लागत नव्हते.

"त्यात काय एवढं?" असं तुम्ही म्हणालात ना आत्ता? सर्व्हिस सेंटरचा माणूसही तेच म्हणाला होता. "अंदाजानं फिरवा की काका, गाडी तर चालतेय ना."

आता जरा जुलै महिन्यातला माळशेज डोळ्यांसमोर आणा. आपण तिकडे जातो ते शनिवारी दुपारी, धबधब्याखाली उभं राहून फोटो काढायला. मामा जातात रात्री बारा-साडेबाराला. बाहेर धो धो पाऊस आणि ढगच रस्त्यावर उतरलेले. केबिनमध्ये ओले कपडे घातलेली दोन माणसं, त्यांच्या श्वासाची वाफ, पायाखालचं ओलं मॅटिंग. काच आतून धरते, म्हणजे कशी, तर दोन मिनिटांत समोरचं वळण दिसेनासं होतं. त्यावर उपाय एकच: हवेची दिशा काचेवर करायची, एसी चालू ठेवायचा म्हणजे हवेतला ओलावा निघतो, आणि आतलीच हवा फिरवण्याऐवजी बाहेरची घ्यायची. हे सगळं त्या तीन नॉबांवर आणि त्यांच्या शेजारच्या एका सरकपट्टीवर आहे. दिशेचा नॉब पाच ठिकाणी थांबतो. त्यातलं काचेचं ठिकाण कोणतं आणि पायांचं कोणतं, हे त्यावरच्या चित्रावरूनच कळतं. चित्र दिसलं नाही तर मोजत बसा. मामांना मोजता येतं, त्यांचा हात बसलाय. पण एक दिवसाआड गाडीवर बदली ड्रायव्हर असतो. तो पोरगा मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात धरायचा, आणि एका हातानं स्टिअरिंग. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांसमोर असा पांढरा झोत आला की तो सराव मोडतो, आणि पूर्ण परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. घाट तोवर संपलेला असतो. किंवा..

असो. हे शोभेचे दिवे नाहीत, एवढंच सांगायचंय. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानकांमध्ये १०१ क्रमांकाचं एक आख्खं मानक फक्त ह्यासाठी आहे की गाडीतली बटणं आणि नॉब कसे ओळखू यायला हवेत आणि हेडलाइट लावल्यावर त्यातल्या कुठल्या चिन्हांवर उजेड पडायलाच हवा. काचेची वाफ घालवणारं बटण त्या यादीत आहे.

तर मामांचा मला फोन. "अरे, तू इंजिनिअर ना? हे लोक बटणाच्या दिव्याला सात हजार चारशे सांगतायत. वर मजुरी वेगळी. द्यायचे का?"

मी कोड लिहितो, गाड्या दुरुस्त करत नाही, हे मामांना पक्कं ठाऊक आहे. पण घरात एक इंजिनिअर असला की तो फ्रीजपासून पिकअपपर्यंत सगळ्याचा असतो. मी सर्व्हिस ॲडव्हायझरला फोन लावला. पोरगा सभ्य होता, त्याच्यावर माझा राग नाही. "सर, त्याच्या लाइटिंगचा पार्ट वेगळा येत नाही. पॅनलच बदलावं लागेल. स्टॉकला नाहीये, ऑर्डर टाकली तर दहा-बारा दिवस."

"पॅनल खराब आहे हे कसं ठरवलं?"

"सर, लाइट लागत नाहीये ना."

बघा हं. रुग्णाला ताप आहे म्हणून रुग्ण बदला.

आता ह्या नॉबांत उजेड येतो कुठून, ते जरा खोलात सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. हेडलाइटच्या स्विचचा पहिला खटका म्हणजे पार्किंग लाइट. त्याच लाइनमधून मागचे टेल लॅम्प, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड ह्यांना वीज जाते. वाटेत एक फ्यूज असतो. बऱ्याच गाड्यांत एक डिमरही असतो, ते उजेड कमी-जास्त करायचं बारीक चाक. (अनेकदा गाडी धुताना किंवा पुसताना कोणाचा तरी हात लागून हे चाक तळाला जातं आणि लोक वायरमनकडे धावतात. आधी ते बघा!) तिथून वायर पॅनलच्या मागच्या कपलरमध्ये येते. पॅनलच्या आत साध्या गाड्यांत तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, एक-सव्वा वॉटचे बल्ब असतात. प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवलेले, पाव फेरा फिरवला की निघणारे. त्यांच्यावर कधी कधी हिरवी किंवा निळी रबरी टोपी असते, रंगासाठी. बल्बचा उजेड पारदर्शक प्लास्टिकच्या नळीतून नॉबच्या रेघेपर्यंत पोचतो. नवीन गाड्यांत बल्बांच्या जागी बोर्डावर सोल्डर केलेले बारीक एलईडी आणि त्यांच्याबरोबर रेझिस्टर. त्याहून नव्या गाड्यांत डिमरसुद्धा सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे एक मॉड्यूल सेकंदाला शेकडो वेळा दिवा चालू-बंद करून तो मंद झाल्याचा भास करून देतं.

ह्या साखळीत बिघाड शोधणं म्हणजे आपण रोज करतो तेच डिबगिंग, आणि तेही सोपं. टेल लॅम्प लागतायत? मग फ्यूज आणि स्विच ठीक. मीटरचा उजेड लागतोय आणि डिमरनं कमी-जास्त होतोय? मग डिमर ठीक. म्हणजे बिघाड पॅनलच्या कपलरच्या पुढेच कुठेतरी. आता तीनही नॉब एकदम गेले. तीन बल्ब एकाच रात्री उडणं अशक्य नाही, पण तिघांना जे सामाईक आहे त्यावर संशय आधी घ्यायचा. सामाईक काय? येणारी वायर आणि जाणारी अर्थ. ही तपासणी घरबसल्या, फोनवर, एकही स्क्रू न काढता झाली. मामा गाडीत बसून "लागतोय.. हां, कमी होतोय" असं सांगत होते. वेळ चार मिनिटं. ती चार मिनिटं सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी दिली नव्हती.

मामा गाडी घेऊन आळेफाट्याला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. शनिवार होता, मीही पुण्याहून गेलो. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढे एक बॅटरी चार्जर, भिंतीला वायरींची भेंडोळी. त्या माणसानं आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग डॅशबोर्डची पट्टी उचकटताना क्लिपा मोडू नयेत म्हणून पट्टीला खालून बोटांनी आधार देत ती सोडवली. पॅनल बाहेर ओढलं, बॅटरी परत जोडली, टेस्ट लॅम्पची एक टोचणी बॉडीला, दुसरी कपलरमध्ये. येणारी वीज होती. मग पॅनलच्या अर्थच्या पिनेला त्यानं एक वायर थेट बॉडीवरून दिली. दोन नॉब उजळले!

"अर्थची पीन गेलीये दादा. काच कुठं गळती का?"

गळत होती. समोरच्या काचेच्या रबरातून थेंब थेंब पाणी कपलरवर येत होतं. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर त्या पिनेवर चढला होता, आणि बाईची पकड सैल झाली होती. (कपलरमध्ये आत शिरते ती नर पीन आणि जिच्यात शिरते ती बाई, ही त्यांची भाषा. आपल्याकडच्या दस्तऐवजांतही वेगळं काही नसतं.) त्यानं पॉलिश पेपरची बारीक पट्टी करून पीन घासली, स्प्रे मारला, बाईची पकड बारीक चिमट्यानं दाबून घट्ट केली, कपलर बसवला. तिसरा नॉब तरीही काळाच. त्याचा बल्ब खरंच उडालेला होता, बहुतेक कधीचाच, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका डब्यातून त्यानं दुसरा बल्ब काढून बसवला. मग काचेच्या रबराला सिलिकॉन. एकूण साडेचारशे रुपये आणि पाऊण तास. त्यातले बल्बचे वीस.

इथे थांबून एक विचार करा. समजा मामांनी सात हजार चारशे दिले असते. नवीन पॅनल आलं असतं. ते लावताना कपलर काढून परत दाबला गेला असता, त्या घासण्यात पिनेवरचा थर थोडा खरवडला गेला असता आणि दिवे लागले असते! सर्व्हिस सेंटर खूश, मामा खूश, आणि 'पॅनलच गेलं होतं' ह्यावर सगळ्यांचा शिक्का. काच मात्र गळतच राहिली असती. दोन महिन्यांनी नॉब परत अंधारात, आणि मग "सर, आता वायरिंग हार्नेस बदलावा लागेल." चुकीचं निदान बरोबर ठरल्यासारखं दिसतं, हा असेंब्ली बदलण्यातला सगळ्यात वाईट भाग आहे. पैसे गेल्याचं दुःख नंतरचं.

हे असं का होतं? कंपनीतली माणसं मूर्ख असतात म्हणून नाही. ह्यामागे एक गणित आहे आणि ते गणित जिथे तयार झालं तिथे बरोबरही आहे. जर्मनीत किंवा अमेरिकेत मेकॅनिकचा एक तास इतका महाग असतो की तासभर बिघाड शोधण्यापेक्षा पॅनल बदलणं खरोखर स्वस्त पडू शकतं. शिवाय प्रत्येक सुट्या भागाला नंबर द्यायचा, गोदामात जागा द्यायची, वर्षानुवर्षं साठा ठेवायचा, ह्याचा खर्च वीस रुपयांच्या बल्बला परवडत नाही. म्हणून बल्ब, होल्डर, बोर्ड आणि नॉब सगळं मिळून एकच पार्ट नंबर. ठीक. पण आळेफाट्याला मजुरीचा दर काय आणि पॅनलची किंमत काय? इथे गणिताच्या दोन्ही बाजू उलट्या आहेत. कुशल माणसाचा तास स्वस्त, पॅनल महाग. आपण तिकडचं उत्तर उचललं आणि इकडच्या पेपरात लिहिलं.

'वॉरंटीचं काय? आग लागली तर जबाबदार कोण?' हा आक्षेप मला हापिसातल्या मित्रानं लगेच घेतला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वायर मधेच कापून, टेप गुंडाळून, फ्यूजशिवाय धुरळा फॉगलॅम्प बसवणारे महाभाग आहेतच. त्यांच्यामुळे गाड्या जळतात हेही खरं. पण मग उपाय काय, तर चांगल्या इलेक्ट्रिशियनला वायरिंगचा नकाशा मिळू द्या. आळेफाट्याच्या त्या माणसाकडे ह्या गाडीचा नकाशा नव्हता. कुठली वायर अर्थची, हे तो रंगावरून आणि सरावावरून ओळखत होता. कंपनी नकाशा देत नाही, आणि मग नकाशाशिवाय काम करतो म्हणून त्याला अडाणी ठरवते. हे म्हणजे एपीआयचं डॉक्युमेंटेशन लपवून ठेवायचं आणि लोक चुकीचे कॉल करतात म्हणून ओरडायचं.

हे मी एकटाच बोलतोय असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ सालच्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणानं न मिळू देणं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिनं हाती घेतली आणि डिसेंबरात पोर्टलही आलं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली हाच प्रश्न थेट मतदारांसमोर गेला आणि त्यांनी प्रचंड बहुमतानं दुरुस्तीच्या बाजूनं कौल दिला. तिथून २०१४ साली देशभरासाठी कंपन्यांना करार करावा लागला. म्हणजे जिथे मजुरी महाग आहे तिथल्या लोकांनाही हा हक्क हवासा वाटला.

आणि नॉबच्या उजेडाची गंमत ही फक्त जुन्या पिकअपपुरती नाहीये. फोक्सवॅगनची आठव्या पिढीची गोल्फ २०१९ साली आली तेव्हा तिच्यात आवाज आणि तापमानासाठी नॉब काढून स्पर्शाच्या पट्ट्या दिल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांना दिवाच नव्हता! जगभर बोंबाबोंब झाली. २०२४च्या सुधारित मॉडेलात कुठे त्यात उजेड आला. विचार करा, हजारो इंजिनिअर, अब्जावधींचं बजेट, आणि रात्र होते हे कोणाच्या लक्षात आलं नाही. स्वीडनच्या 'वी बिलेगारे' मासिकानं २०२२ साली एक चाचणी घेतली. ताशी ११० किमी वेगात चार साधी कामं करायची. २००५ सालच्या बटणांवाल्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत झाली, तर सगळ्यात वाईट टचस्क्रीनवाल्या गाडीला पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास लागले. २०२६पासून युरो एनकॅपनं इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मोजक्या कामांसाठी खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं. उशिरा का होईना.

आता आपल्या जमातीबद्दल. सर्व्हिस सेंटरमध्ये मी जॉब कार्ड मागून घेतलं. त्यावर 'ग्राहकाची तक्रार' असा एक रकाना आहे आणि त्याच्याखाली थेट 'लागणारे पार्ट'. मधे 'काय तपासलं' हा रकानाच नाही. ॲडव्हायझर म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये ते टाकायला जागाच नाहीये." ती सिस्टिम आकाशातून पडलेली नाही. माझ्या-तुमच्यासारख्याच कुणीतरी, एसीत बसून, दोन स्प्रिंटमध्ये ती लिहिली. रिक्वायरमेंटमध्ये तो रकाना नव्हता, म्हणून विचारलंही नाही. सर्व्हर अडकला की रिस्टार्ट, कंटेनर बिघडला की मारून नवीन उभा करायचा, ही सवय आपल्याला लागलीये आणि सर्व्हरच्या बाबतीत ती चालूनही जाते, कारण नवा कंटेनर फुकट असतो. पॅनल फुकट नसतं. सात हजार चारशे म्हणजे मामांच्या किती फेऱ्यांचा नफा, हे मी विचारलं. भाव पडलेले असतील तर चार, कधी कधी आठ.

मला काही क्रांती नकोय. तीन गोष्टी हव्यात. वायरिंगचा नकाशा वाजवी किमतीत कोणत्याही इलेक्ट्रिशियनला मिळावा. बल्ब, होल्डर, क्लिपा आणि कपलरच्या पिना ह्यांना वेगळे पार्ट नंबर असावेत, निदान व्यावसायिक गाड्यांसाठी तरी, कारण तिथे गाडी बंद म्हणजे चूल बंद. (१ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. साडेतीन टनांच्या आतल्या पिकअप त्यात नाहीत, पण असे नॉब आता लाखो केबिनमध्ये जाणार आहेत.) आणि जॉब कार्डावर तो एक रकाना.

तोवर तुमच्या गाडीचं, किंवा गावाकडच्या कुणाच्या गाडीचं, असं काही निघालं तर अंधार पडल्यावर पार्किंग लाइट लावून मागे जाऊन टेल लॅम्प बघा, मग डिमरचं चाक फिरवून बघा, आणि मगच फोन करा. पॅनल बदलायला सांगितलं तर कुठल्या पिनेवर वीज येतेय आणि कुठल्या नाही, हे जॉब कार्डावर लिहून मागा. जुनं पॅनलही परत मागा. त्याचे पैसे तुम्ही आधीच दिलेले आहेत, आणि आळेफाट्याच्या त्या डब्यात बल्ब येतात ते अशाच टाकून दिलेल्या पॅनलांमधून.